उभे मामा, बसलेली भाची

ऐक गं, आधी नुसतं ऐक. प्रश्न सगळे शेवटी. भाचीची गोष्ट आहे, आणि मध्ये कुणी टोकलं तर मजा जाते.

भाची म्हणजे तीच ती, विजेच्या कंट्रोल रूममधली. तिला तिथे नावाने कुणी हाकच मारत नाही. झालं असं, की नोकरीच्या पहिल्याच दिवशी, भर शिफ्टमध्ये, सगळ्यांसमोर तिच्या तोंडून निघून गेलं, "मामा, पेन दे ना." आणि समोर कोण? सगळ्यात ज्येष्ठ ऑपरेटर, ज्यांच्याशी भले भले इंजिनिअर आधी घसा साफ करून मग बोलतात! आता ते होते तिचे सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. पण ऑफिसात 'सर' म्हणायचं असं घरून चांगलं घोटवून पाठवलं होतं. मग असा हशा पिकला की विचारू नकोस. त्या दिवसापासून ती सगळ्यांची भाची आणि ते सगळ्यांचे मामा. मोठे साहेबसुद्धा फोनवर "मामांना द्या जरा" म्हणायला लागले.

ती खोली कशी आहे सांगते. खिडकी एकही नाही. समोर भिंतभर नकाशा, त्यावर विजेच्या सगळ्या मोठ्या लाईनी, आणि प्रत्येक लाईनीशेजारी एक आकडा. कुठल्या लाईनीतून किती वीज वाहतेय तो आकडा. हिरवा असला की चहा प्या, पिवळा झाला की चहा खाली ठेवा, लाल झाला की चहा विसरा. दोन डेस्क. एकावर चष्मेवाला, तो एरवी वीजकेंद्रांशी बोलतो. दुसरा मुख्य डेस्क, तिथे बसणारा ठरवतो की आता काय करायचं, आणि अडचणीच्या वेळी फोनवर हुकूमही तोच देतो. आणि त्या खुर्चीवर वर्षानुवर्षं मामा. खुर्चीच्या गादीला त्यांचा आकार आला होता, खोटं नाही सांगत.

आता नियमांचं ऐक, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पूर्वीही नियम होतेच. पण कसे, तर बागेत पाटी असते ना, हिरवळीवर चालू नये, तसे. पाळले तर वाहवा, नाही पाळले तर कोण विचारतंय? मग एकदा तो मोठा अंधार झाला. एक लाईन गेली, तिचा भार दुसरीवर पडला, ती गेली, मग तिसरी, आणि बघता बघता पत्त्यांच्या बंगल्यासारखं सगळं कोसळलं. तोंड पोळल्यावर सगळेच फुंकून पितात. नियम सक्तीचे झाले. पाळले नाहीत तर कंपनीचं नाक कापलं जाणार, आणि ज्याची चूक त्याची खुर्ची जाणार.

त्यातले तीन तुझ्यासाठी पुरेत. पहिला, फोनवर हुकूम दिला की समोरच्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा, आणि आपण 'बरोबर' म्हटल्यावरच हात हलवायचा. मामा याला पोपटपंची म्हणायचे. दुसरा, एखादी लाईन मर्यादेच्या वर गेली तर अर्ध्या तासाच्या आत तिला खाली आणायचं, आणि दुसरा उपाय नसेल तर शहराचा एखादा भाग बंद करायचा. बंद करायचं की नाही ते खुर्चीवरचा माणूस ठरवणार, त्याला कुणाची परवानगी नको, अगदी मोठ्या साहेबांचीही नको. आणि तिसरा, त्या खुर्चीवर बसायला सर्टिफिकेट लागतं, आणि ते ताजं ठेवायला दर काही वर्षांनी प्रशिक्षण.

मामांची गाडी अडली ती या तिसऱ्यावर. "मला प्रशिक्षण? अरे, त्या शिकवणाऱ्याला लाईन कशाला म्हणतात ते मी बोट धरून दाखवलंय!" असं म्हणून त्यांनी एक वर्ग सोडला, दुसरा सोडला. आणि यात नुसता तोरा नव्हता हं. त्या ऑफिसात आजवर एकही शेवटची तारीख अशी झाली नव्हती जी खरंच शेवटची होती. दर वेळी मुदत वाढायची. मामा मुदतवाढीचं पत्र येणार म्हणून निवांत बसले. पत्र काही आलं नाही. तारीख आली आणि निघूनही गेली, आणि दुसऱ्या दिवशी मामांचं सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद!

पुढचा वर्ग काही आठवड्यांनी. तोवर डेस्क बंद. दुसरा कुणी असता तर रजा टाकून घरी झोपला असता. मामा रोज वेळेवर यायचे. "बघायला तर बंदी नाही ना?" असं म्हणत प्रिंटरशेजारच्या पाहुण्यांच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसायचे. बोलायचे काही नाहीत. पण आकडा पिवळा झाला की नुसतं 'हं' करायचे, आणि चष्मेवाल्याला घाम फुटायचा.

आणि त्यांच्या जागी मुख्य डेस्कवर कोण? भाची! तिचं सर्टिफिकेट करकरीत, परीक्षेत पहिली. आईला सांगितलं तेव्हा आईने आधी तिला जवळ घेतलं, मग एकदम थांबून म्हणाली, "दादाच्या खुर्चीवर? अगं, त्याला विचारलंस तरी का?" आता काय सांगणार! विचारायचा प्रश्नच नव्हता, आणि विचारायची हिंमतही नव्हती.

तर तो दिवस. भर दुपार, ऊन असं की डांबर मऊ झालेलं, शहरातला एकूण एक पंखा आणि एसी सुरू. उत्तरेकडून शहरात दोन मोठ्या लाईनी येतात, जुळ्या बहिणीच म्हण. दोघींचे आकडे पिवळ्याच्या उंबरठ्यावर. भाची डोळ्यात तेल घालून बघत होती. आणि अचानक घंटा वाजली, एक जुळी गेली! मागून कळलं, कुठल्याशा बांधकामाची क्रेन लाईनीच्या फार जवळ गेली होती. पण त्या क्षणी फक्त एवढंच दिसलं, की एकीचा आकडा शून्य आणि सगळा भार दुसरीवर. दुसरीचा आकडा लालभडक.

आणि आता बघ. चष्मेवाला उठून उभा राहिला आणि म्हणाला काय, "मामा! या, या, बसा!"

त्याला तरी काय दोष द्यायचा? इतक्या वर्षांची सवय. मामा तर आधीच उठले होते. ते विचार करून उठलेच नाहीत गं, त्यांचे पायच चालत आले. भाचीच्या खांद्यावरून त्यांचा हात पुढे आला, सरळ फोनकडे. तोच हात, ज्याला धरून ती पहिल्यांदा सायकल शिकली होती.

भाचीने तो हात धरला.

"मामा, नाही."

"बाजूला हो पोरी, वेळ नाही."

"तुमचं सर्टिफिकेट संपलंय, मामा."

घंटा वाजतेय, भिंत लाल झालीय, आणि सगळ्यांच्या नजरा त्या एका हातावर. मामांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. हात तसाच हवेत. मग त्यांनी तो हळूच मागे घेतला, दोन पावलं मागे सरकले आणि दोन्ही हात खिशात घालून उभे राहिले.  भाचीला रडूच आलं असतं, पण वेळ कुणाला होता?

तिने धरणावरच्या वीजकेंद्राला फोन लावला. "दोन नंबरचं मशीन सुरू करा, पूर्ण ताकदीने."

"दोन नंबरचं मशीन सुरू, पूर्ण ताकदीने."

"बरोबर."

हे मशीन शहराच्या दक्षिणेला. ते आलं की उत्तरेच्या लाईनीवरचा भार उतरणार. सोपं की नाही? पण थोड्या वेळात तिकडून फोन आला, "मॅडम, पाण्याचा दरवाजा जरा अडकलाय. होतंय, होतंय. दहा मिनिटं." ठीक आहे, दहा तर दहा. दहा मिनिटांनी पुन्हा, "झालंच मॅडम, माणसं लावलीयत. दहा मिनिटं."

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन. भाचीने उचलला.

"मामांना दे."

"मामा डेस्कवर नाहीत, साहेब."

"म्हणजे? तिथे उभे आहेत ना?"

"उभे आहेत. बसलेली मी आहे."

अगं, चष्मेवाल्याने ते ऐकलं आणि त्याचा चष्मा नाकावरून घसरला, तो त्याने वर ढकललासुद्धा नाही!

साहेब म्हणाले, "हे बघ, काही बंद करू नकोस. आज शहरात मोठमोठी माणसं आलीयत, उद्या पेपरात माझा फोटो नको. मशीन येतंय, थांब."

आणि भाची, जी घरात झुरळ दिसलं तर कॉटवर चढते, ती शांतपणे म्हणाली, "साहेब, हा फोन रेकॉर्ड होतो. हा हुकूम समजू का सल्ला?"

साहेबांनी घसा साफ केला. मग, "सल्ला."

"आभारी आहे, साहेब." आणि ठेवला फोन!

बाहेरून ती अशी, आतून मात्र घाबरलेली. तिने खुर्ची वळवली आणि मामांकडे पाहिलं. "मामा, हात लावायचा नाही, पण सल्ला चालतो. काहीतरी बोला ना."

मामांनी आधी लाल आकड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. म्हणाले, "खुर्ची तुझी आहे."

झालं. एवढंच! आता हे प्रेमाने म्हटलं की टोमणा मारला, कसं कळणार? चेहरा दगडासारखा. भाचीला वाटलं, दुखावले. रुसले. मला एकटीला सोडलं. आणि तिचं एक मन म्हणत होतं, थांब, मशीन येईल, सगळेच तर थांब म्हणतायत. दुसरं मन म्हणत होतं, नाही आलं तर? बंद करायलाही वेळ लागतो, फोन करायचे, हुकूम द्यायचा, परत ऐकायचा, मग तिकडे कुणीतरी बटण दाबणार. शेवटच्या मिनिटाला जाग येऊन काय उपयोग?

ती चष्मेवाल्याला म्हणाली, "बंद करतेय. यादीत बंद राहायची पाळी कुठल्या भागाची?"

त्याने पाहिलं आणि कसनुसा झाला. "आठ नंबर. भाची, आठ म्हणजे तुमचंच..."

त्यांचाच भाग! आईचं केकचं दुकान, मामांचं घर, सगळं आठमध्ये. "नऊ करू या का?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "कोण बघतंय?"

"पाळी आठची आहे ना? मग आठ."

तिने सबस्टेशनला फोन लावला. "आठ नंबरचा भाग बंद करा." तिकडून, "आठ नंबरचा भाग बंद." तिने एकदा डोळे मिटले, उघडले. "बरोबर."

आणि आकडा उतरला. लाल, लाल, मग पिवळा. पुढे काय झालं माहितीय? काहीच नाही! लाईन तुटली नाही, शहर बुडलं नाही, पत्त्यांचा बंगला जागच्या जागी. थोड्या वेळाने धरणावरचं मशीन घरघरत आलं, अर्ध्या तासाची मर्यादा अजून संपायची होती बरं का, आणि भाचीने आठ नंबरला वीज परत दिली. मागे वळून पाहिलं तर प्रिंटरशेजारची खुर्ची रिकामी. मामा कधी निघून गेले, कळलंच नाही.

संध्याकाळी ती दुकानात गेली तर आई ओट्याशी उभी, पुढ्यात एक भला मोठा केक, मधोमध खड्डा पडलेला.

"बघ, बघ तुझा पराक्रम! ओव्हन मध्येच गेला. लोकांना काय देऊ, हा खड्डा?"

"आई, पाळी आपल्याच भागाची होती गं."

"पाळी! आणि दादाला सगळ्यांदेखत उठवलंस म्हणे? त्याचा हात धरलास?"

"तो बसलाच नव्हता, उठवणार कसं?"

"जास्त शहाणपणा नको! इथून गेला तो दुकानावरून, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. माझा भाऊ आहे तो. त्याने तुला तिथे अर्ज करायला लावला, नाहीतर तू बसली असतीस इथे क्रीम फेटत!"

 भाचीने त्या बसलेल्या केकचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला. आणि खरं सांगू, तेव्हा तिला मामांपेक्षा दुसरीच भीती जास्त होती. कारण चौकशी लागली होती. साहेब म्हणत होते, पोरीने घाई केली. वेळ शिल्लक होता, मशीन आलंच, मग एवढा भाग उगाच का बंद केला? घाई ठरली असती तर खुर्ची गेलीच म्हणून समज. आणि एकदा त्या खुर्चीवरून उतरवलेल्याला पुन्हा कुणी बसवत नाही.

दोन दिवसांनी चौकशी. नियम पाळले जातात की नाही ते बघायला बाहेरून एक बाई आल्या होत्या, केस पांढरे, आवाज मऊ, पण नजर अशी की खिशातली चिल्लरही मोजतील. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला भाची. आणि मध्ये कुणाला बोलावलं? मामांना! साहेबांनीच बोलावलं. मामांइतकं त्या लाईनीला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि मामा थांबणाऱ्यातले हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. साहेबांना वाटलं, हुकमाचं पान हातात आलं.

बाईंनी सरळ विचारलं, "तुम्ही खुर्चीवर असता तर आठ नंबर बंद केला असता?"

मामा म्हणाले, "नाही."

 साहेब खुर्चीत जरा मागे रेलले.

"मी थांबलो असतो," मामा म्हणाले. "आयुष्यभर थांबत आलोय. दर वेळी मशीन येतं, लाईन तरते, आणि लोक म्हणतात, वा मामा, काय हिंमत! एकदा नाही आलं. तो मोठा अंधार झाला ना, त्या दिवशीही मी थांबलोच होतो, साहेबांच्या आधीचे साहेब म्हणाले म्हणून, आणि मलाही तसंच वाटलं म्हणून. बाई, लाईनीला हिंमत कळत नाही. तिला फक्त ताप कळतो. अर्धा तास मी थांबायला वापरतो. या पोरीने तो काम संपवायला वापरला. नियम लिहिणाऱ्यांनी तो कशासाठी दिलाय, ते तुम्ही सांगा."

 बाईंनी पुढचा प्रश्न टाकला. "तिने तुमचा सल्ला मागितला होता. सल्ला द्यायला नियम आडवा येत नाही. तुम्ही गप्प का राहिलात? रागाने?"

मामा हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. "राग होताच की. हात धरला ना माझा, सगळ्यांदेखत! पण गप्प राहिलो ते त्यासाठी नाही. माझ्या तोंडात एकच शब्द होता, 'थांब'. आणि तो मी उच्चारला असता तर ती थांबली असती. लहानपणापासून माझं ऐकायची सवय आहे तिला. म्हटलं, आज नको."

 साहेबांनी टेबलावरचं पाणी उचललं आणि सगळं पिऊन टाकलं. बाईंनी एकच वाक्य म्हटलं, "डेस्कने डेस्कचं काम केलं आहे." आणि उठल्या. खुर्ची भाचीचीच राहिली!

बाहेर व्हरांड्यात भाची मामांच्या मागे जवळजवळ धावत गेली. तिला माफी मागायची होती, आभार मानायचे होते, सगळं एकदम. पण तोंडातून निघालं भलतंच. "मामा, मग तू परवा आईकडे न बघता का गेलास? ती माझ्याशी बोलत नाहीये!"

"अगं, डोळे भरून आले होते माझे," मामा म्हणाले. "बहिणीने बघितलं असतं तर गावभर केलं असतं. तिला म्हणावं, तुझ्या पोरीने माझा हात धरला. त्या मोठ्या अंधाराच्या दिवशी असा कुणी धरला असता ना, तर..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

चालता चालता वळले आणि म्हणाले, "पुढच्या सोमवारी माझा वर्ग आहे. मागच्या बाकावर बसणार आहे मी, आधीच सांगून ठेवतो. आणि ती पोपटपंची आहे ना, ती तू माझ्याकडून पाठ करून घे."

भाची काय अशी ताठ मानेने चालत गेली म्हणून सांगू त्या दिवशी, उंची दोन बोटं वाढली असेल! आणि हे सगळं मला कुणी सांगितलं, तर तिच्या आईने. स्वतःहून. गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि ही सांगतेय, "आमच्या पोरीने दादाचा हात धरला!" ज्याच्यावरून दोन दिवस अबोला धरला होता, तेच आता छाती फुगवून!

पण मला एक राहून राहून वाटतं. चौकशीचं सोड, ते नंतरचं. नियम पाठ होते तेही सोड, पाठ तर सगळ्यांचेच असतात. भिंत लाल झालीय, घंटा कान फोडतेय, सगळी खोली म्हणतेय 'मामा बसा', आणि ज्याच्याइतकं ते काम कुणालाच येत नाही त्या माणसाचा, तुझ्या सख्ख्या मामाचा, हात फोनकडे येतोय.

हं, आता बोल. तू धरला असतास तो हात? का सरकली असतीस बाजूला?